थोरली, धाकटी आणि मातीचं पोतं

डॉक्टरांचा आज परत फोन आला. "ताई, माझी काही घाई नाही," असं म्हणाले आणि त्याच दमात विचारलं, "पण होडीचं काय ठरलं?" मी म्हटलं, ठरवणारा गेला, भांडणारी तेवढी उरली, आता ठरायचं कसं? पुण्याचा माणूस, त्यांना काय माहीत आपल्या घरात कुठलीच गोष्ट भांडल्याशिवाय ठरत नाही ते. मग हळूच म्हणाले, "धरणाचं पाणी उतरायला लागलंय. महिन्याभरात माझी होडी चिखलात बसेल. बघायची तर आत्ताच बघून घ्या."

म्हणजे अहो, तुम्ही गेलात तरी भांडण आहे तिथंच आहे. एकीकडं डॉक्टरांची ती थोरली, सव्वीस फुटी, पोटात चांगली खोली असलेली. दुसरीकडं वरकुट्याच्या डाळिंबवाल्याची धाकटी, अठरा फुटी, पुढच्या तोंडात दोन माणसं पाय दुमडून कशीबशी मावतात अशी. दोन्ही शिडाच्या, दोन्ही जुन्या, आणि आपल्याला घ्यायची एक. थोरली-धाकटी ही नावं मीच ठेवली. "म्हातारपणी दोन-दोन सवती आणताय व्हय?" असं मी विचारलं, तर तुम्ही मिशीत हसून म्हणालात, "दोन न्हाय, एकच. आन निवड तू करायची." निवड मी करायची! मग करू दिलीत का? सांगा की आता.

मी थकलेय. हे कुणाला म्हणायची सोय नाही, कारण म्हटलं की आणखी चार माणसं धीर द्यायला येतात. प्रत्येकाला चहा, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून तीच गोष्ट. कसं झालं, काय खाल्लं होतं, आधी काही म्हणाले का? शेळगावची तुमची मावसबहीण माझ्या गळ्यात पडून रडली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "वैनी, चहात साखर जरा हात सोडून घाल." मला हसू आलं आणि हसायला कुणी शेजारी नाही म्हणून रडू आलं. मनीषा दर शनिवारी बारामतीहून येते, "आई, आमच्याकडं चल" म्हणते. मी "बघू" म्हणते. ती गेली की मी ओट्यावर बसते. समोर आपल्या बांधाखाली पाणी, आणि पाण्यात बाभळीला बांधलेली धाकटी. तुम्ही बांधलेली गाठ मी अजून सोडलेली नाही.

दहाव्याची गंमत तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. पिंड ठेवला, सगळे लांब सरकले, आणि कावळा काही शिवेना. कावळे होते हो, झाडावर ओळीनं बसले होते, पण खाली एक येईना. तुमचे चुलतभाऊ पुढं झाले. "सोपानआबा, लेकीला अंतर देणार न्हाय." नाही. "आबा, वैनीला काय कमी पडू देत न्हाय." नाही. "बांधावरचं भांडण मिटवतो." ते तर त्यांनी मिटवायलाच हवं होतं, पण कावळ्याला त्याचं काही नव्हतं. ऊन वर आलं, लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी म्हणालं, जीव कशात तरी अडकलाय. तेव्हा मागं डोक्याला रुमाल बांधून उभे असलेले रफीकभाई पुढं आले. तुमचा इंदापुरातला ताडपत्रीवाला जिवलग, ज्यांच्या दुकानात तुम्ही निवृत्तीनंतरचं अर्धं आयुष्य बसून काढलंत. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सोपानराव, होडी घिऊ."

आणि आला की हो कावळा! एक नाही, तीन आले. चार माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली. मी पदर तोंडाला लावला होता तो हसू लपवायला की हुंदका, हे तुमचं तुम्हीच ओळखा. पण थोरली का धाकटी, हे मेल्या कावळ्यानंही सांगितलं नाही. शब्द तर दिला गेला. दहाव्याला दिलेला शब्द मोडायचा नसतो. सगळ्या गावासमोर होडी माझ्या गळ्यात बांधून तुम्ही मोकळे झालात.

हे वेड तुम्हाला कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतात तेव्हा पुण्याच्या कुणा हौशी मंडळींची होडी धरणावर मोडली, तिचं लोखंडी कडं तुम्ही जोडून दिलंत, आणि त्यांनी तुम्हाला शिडावर फिरवून आणलं. त्या दिवशी घरी आलात ते वेगळाच माणूस होऊन. "शालन, इंजिन न्हाय, आवाज न्हाय, आन चालतीय!" जन्मभर यंत्रांच्या आवाजात काढलेल्या माणसाला बिनआवाजाची चाल बघून काय वाटलं असेल, ते मला तुमच्या तोंडावर दिसलं. आणि दुसरी गोष्ट तुम्ही बोलत नव्हतात, पण ती होतीच. त्याच पाण्याखाली तुमचं जुनं गाव आहे. तुम्ही पोरसवदा असताना धरण आलं आणि घर, खळं, चिंच सगळं पाण्यात गेलं. एवढा मोठा जलाशय, पण तुम्हाला त्यात पाणी कधी दिसलंच नाही. "हितनं डावीकडं गेलं की आमचं खळं," असं म्हणायचात, आणि बोट दाखवायचात ते नुसत्या लाटांकडं. मी पणदऱ्याची, कालव्यात पोहायला शिकलेली. माझ्या लेखी पाणी म्हणजे पाणी. पण तुमच्याबरोबर राहून मलाही ते खळं दिसायला लागलं होतं.

होडी बघायला गेलात ते बैल बघायला गेल्यासारखे. देवा, त्या डॉक्टरांचं तोंड मला अजून आठवतं! त्यांनी कागद काढले, तुम्ही कागदांना हात लावला नाहीत. आधी होडीच्या मागं गेलात. मग पुढं. मग बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी तिच्या अंगावर थाप मारलीत आणि कान लावून ऐकलंत. खाली वाकून बुडाखालचं लोखंडी पातं बघितलंत आणि मला म्हणालात, "खुरं दणकट हायत." ते किंमत सांगायला लागले तर तुम्ही हात वर केलात. "तिच्यासमोर नको. तिकडं चला." जनावरासमोर भाव करायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज, पण डॉक्टरांनी आधी होडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काय सांगणार?

आणि शेवटी तुम्ही तेच मागितलंत जे आपल्याकडं बैल घेताना मागतात. "पसंतीवर द्या. चार दिवस आमच्या दावणीला बांधतो. चालवून बघतो. पटली तर ठेवतो, न्हाय पटली तर हाय तशी आणून देतो." डॉक्टर हसले, पण हो म्हणाले. डाळिंबवाला तर आपल्यातलाच, त्याला सांगावंही लागलं नाही. आधी धाकटी बांधायची, मग थोरली, असं ठरलं.

त्या दिवसांत तुम्ही थोरलीचे होतात, अहो. हे विसरू नका. संक्रांतीआधी महिनाभर तुमच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं. "शालन, आत दोन बिछाने हायत. एक तुझा, एक माझा. चहाची शेगडी हाय. बायामाणसांची सगळी सोय हाय. भिगवणपासून पार धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊ, पंधरा दिवस घरी याचंच न्हाय. रात्री नांगर टाकायचा आन झोपायचं." मी आधी हसले. म्हटलं, लोक काय म्हणतील, पिकल्या केसांची जोडी पाण्यात संसार मांडतीय. पण तुम्ही रोज सांगत राहिलात आणि मला ते हवंसं वाटायला लागलं. अंगणवाडीत पोरं सांभाळली, घरात सासू-सासरे सांभाळले, माझ्या झोपेत कायम कुणाची तरी हाक असायची. जिथं कुणी हाक मारायला येऊच शकत नाही अशी जागा मला तुम्ही दाखवलीत. मी मनातल्या मनात त्या बिछान्यावर चादरसुद्धा टाकली होती. निळी, फुलांची.

मग आपण दुसऱ्यांदा थोरली बघायला गेलो तो दिवस. डॉक्टर म्हणाले, शीड वर ओढून बघा. तुम्ही दोर धरलात. दोन हात ओढलंत, तीन हात ओढलंत, आणि एकदम खाली बसलात. तोंडावर घाम. मी धावले तर म्हणालात, "काय न्हाय. पित्त झालंय. सकाळची भजी." मी ओवा दिला. माझ्या पिशवीत ओवा कायम असतो आणि माझ्या लेखी जगातल्या निम्म्या दुखण्यांवर ओवाच आहे. तुम्ही तो चावत चावत त्या अर्ध्या चढलेल्या शिडाकडं बराच वेळ बघत होतात. येताना गाडीत, घर यायच्या आत म्हणालात, "थोरली नको. धाकटी बरी."

मी भडकले. भडकेन नाहीतर काय करेन? महिनाभर बाईला पाण्यावरची झोप दाखवायची आणि मग म्हणायचं, पाय दुमडून बस! "का नको?" म्हटलं. तर तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की थोरली अडकंल, धाकटीची खालची फळी दोरानं वर घेता येती, ती खळ्यापर्यंत जाईल. म्हटलं, हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं का? तर म्हणालात, थोरलीला दोन माणसं लागत्यात, धाकटी एकट्याला जमती. म्हटलं, आपण दोन माणसंच आहोत की! का मला घरी ठेवून एकटंच हिंडायचंय? तुम्ही काही बोलला नाहीत. तुमचं ते न बोलणं मला कायम हरवायचं. मी आठवडाभर भाजीत मीठ कमी घातलं. तुम्ही निमूट खाल्लंत, मागितलं नाहीत. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय.

आणि मग धाकटी आली, बाभळीला बांधली, आणि तुम्ही मला शिकवायला घेतलंत. शिकवायला कसलं, छळायला. सुकाणूचा दांडा माझ्या हातात, शिडाचा दोर माझ्या हातात, आणि स्वतः पुढं नाकावर पाटलासारखे बसून राहायचात. वळताना शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून जायचा, मी ओरडायची, "अहो, धरा की!" तुम्ही हात मांडीखाली घालून बसायचात. "वाकायचं तू. मी कशाला धरू?" होडी भलतीकडं गेली तरी हलायचा नाहीत. "वारं कुठनं येतंय ते गालाला विचार." गालाला विचार म्हणे! मी म्हटलं, गालाला विचारते, एक तुमच्या गालावर ठेवून देऊ का?

शेवटच्या दिवशी तर कमाल केलीत. युरियाचं रिकामं पोतं घेतलंत, काठावरची ओली माती त्यात भरलीत, रफीकभाईंकडून आणलेल्या दाभणानं तोंड शिवलंत. डाळिंबवाल्याच्या दोन गड्यांकडून ते होडीच्या नाकात ठेवून घेतलंत, तुमच्या जागेवर. आणि स्वतः काठावर उतरलात. "एकटीनं बसलीस की नाक वर येतंय. पुढं वजन पायजे. हे मी हाय असं समज आन त्या बेटाला वळसा घालून ये." मी म्हटलं, "पोतं तुमच्यापेक्षा बरं. गप तरी बसतंय."

हे मी म्हटलं. हेच मला रोज आठवतं.

पण गेले मी. शिव्या देत गेले, वळताना वाकले, वारं गालाला विचारलं, बेटाला वळसा घातला. परत वळले तेव्हा लांबून तुम्ही दिसलात, बाभळीपाशी उभे, उपरणं डोक्यावर फिरवत होतात. पोरगी कुस्ती जिंकल्यासारखे नाचत होतात अगदी. मी काठाला आले ती भांडायच्या तयारीनं, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी दिसलं. "माती गेली डोळ्यात," म्हणालात. मी ओवा विचारला नाही. तेवढं शहाणपण होतं.

पुढचं मी लिहीत नाही. ते सगळ्यांना सांगून सांगून झिजलंय.

तुम्हाला कळलं होतं ना? डॉक्टरनं सांगितलं नसेल, तुम्ही कुठल्या डॉक्टरकडं गेलाच नाहीत. पण तीन हात दोर ओढल्यावर तुमच्या हातांनी तुम्हाला सांगितलं असणार. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठला भाग जाणार ते ओळखणारा माणूस, त्याला स्वतःचं कळणार नाही? मग मला का नाही सांगितलंत हो? मी उचलून बारामतीला दवाखान्यात नेलं असतं, गाडी स्वतः चालवून नेली असती. तुम्ही काय केलंत, तर मला होडी चालवायला शिकवलंत! राग येतो मला. भांडी घासताना येतो, अंथरूण घालताना येतो. माझ्यासाठी परस्पर ठरवून टाकलंत, की हिला आता एकटीला जमेल अशी होडी पाहिजे. मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, होडी गेली खड्ड्यात, मला माणूस पाहिजे. आणि राग ओसरला की तुमचा तो नाच आठवतो. कुणाच्या नवऱ्यानं जाता जाता बायकोला वाऱ्यावर चालायला शिकवलंय? चार बायकांना विचारा. त्याचे उपकार मानायचे की तुम्हाला दोन शब्द सुनवायचे, ह्यात माझे दिवस जातात.

इथवर लिहून आठवडा झाला. तरी शब्द तो शब्द. पसंतीवर दोन्ही बघायच्या असं ठरलं होतं, म्हणून डॉक्टरांना म्हटलं, येते. परवा गेले. रफीकभाई आणि शमीमभाभी बरोबर आले. डॉक्टरांनी आणि रफीकभाईंनी मिळून शीड चढवलं, आणि थोरली चालली हो, काय चालली! गरतीच्या चालीनं. पाणी कापल्याचा आवाजसुद्धा नाही. मी आत गेले. शेगडी होती, सगळी सोय होती, काही खोटं सांगितलं नव्हतंत. एका बिछान्यावर मी आडवी झाले. कुणाची हाक नाही, खालून पाणी थापटतंय, अगदी तुम्ही म्हणाला होतात तसं. डोळा लागणार तेवढ्यात कुशीवर वळले, आणि समोर दुसरा बिछाना. हाताच्या अंतरावर. रिकामा.

मी उठून वर आले. डॉक्टरांनी विचारलं, "काय ताई, काही खोट दिसली का?" खोट काढायची नसते. पसंतीवर नेलेलं जनावर परत करताना आपल्याकडं जे म्हणतात तेच मी म्हटलं, "जनावर लाखात एक हाय. आमच्या दावणीला मोठं व्हतंय." डॉक्टरांना आता हे कळायला लागलंय. त्यांनी मान हलवली.

धाकटीचे चार दिवस तर कधीच उलटून गेलेत. मुदत उलटून दावणीला राहिलेलं जनावर आपलंच झालेलं असतं. तसं डाळिंबवाल्याला कळवून टाकलं. तो म्हणाला, "काकी, आमी तर कवाच तुमची समजून चाललो."

काल सकाळी मी तुमची गाठ सोडली. पोतं अजून नाकात होतं. काढून ठेवू म्हटलं तर हलेना. तुमच्यासारखंच, एकदा बसलं की बसलं. मी एकटीनंच निघणार होते, तुमच्या शिकवणीप्रमाणं. पण शमीमभाभी भाकरी घेऊन आल्या होत्या आणि काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "या अल्ला, मला न्हाय का नेणार? यांच्या दुकानात जन्मभर शिडं शिवली, वर बसायला कुणी बोलीवलं न्हाय." मी म्हटलं, चढा. त्या माझ्याजवळ मागं बसल्या, जीव मुठीत धरून. अहो, तुम्ही मला एकटीनं चालवायला शिकवलंत ते खरं, पण एकटीनंच जायचं असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. नीट आठवून बघा.

खळ्यावर गेले. पाणी उतरलंय, दोर ओढून फळी वर घेतली, आणि धाकटी अलगद पोचली. खाली काही दिसत नव्हतं, पण मला ठाऊक होतं. तिथं शीड सोडलं आणि पोत्याचं तोंड उसवलं. आम्ही दोघी पुढं बसून तांब्यातांब्यानं ती माती पाण्यात सोडायला लागलो. शमीमभाभींनी का म्हणून विचारलं नाही. त्यांचे ओठ हलत होते, माझेही हलत होते, ज्याचं त्याला. काठावरची माती म्हणजे तुमच्या गावचीच की हो, ती आपली परत घरी गेली. मी काही बोलणार होते तुम्हाला, भांडण मिटवून टाकणार होते, पण तिथं पोचल्यावर भांडायचंही बळ राहिलं नव्हतं. नुसतं "आले हो" म्हटलं.

पोतं रिकामं झालं. मी मागं दांड्यापाशी आले, भाभीही सवयीनं माझ्या मागोमाग आल्या, आणि धाकटीनं नाक वर केलं. पुढं वजन पाहिजे. मी म्हटलं, "भाभी, सरका पुढं. तितं बसा."

"तितं?" त्या थबकल्या. "ती तर सोपानरावांची जागा."

"म्हणूनच," म्हटलं.

त्या पुढं जाऊन बसल्या. होडीचं नाक खाली आलं, वारं डाव्या गालाला लागलं, मी दोर ओढला. आणि ती बाई जी बोलायला लागली, ती काठ येईपर्यंत गप्प बसली नाही.